झोलबानं सावरीनाला ओलांडला ती रात्र

ऐका गा पोट्टेहो, जवळ सरका. उद्या सकाळी तुम्ही घोडे घेऊन देवळमेट्याला दौडत जाणार, टोप्या उडवणार, जिलेबी खाणार. पण ही दौड कोणाच्या नावाची, हे माहीत नको? माझ्या आबाजीच्या! झोलबा मोतद्दाराच्या. खाणीच्या साहेबाचे घोडे सांभाळायचा तो. भलता बडबड्या माणूस!

इंग्रजाचा काळ. आपल्या कुरमडोहच्या मँगनीज खाणीत एका सांजेला पुराचं पाणी घुसलं. आत माणसं अडकली. त्यात आबाजीचा धाकटा भाऊ पैकू. पंप बंद पडला. तारेचे खांब वादळात आडवे. मोटार आपल्याकडं नव्हती. दुसरा पंप होता वीस कोसांवर, देवळमेट्याच्या खाणीत. साहेब म्हणे, "कोण जाते?" आबाजी उठलाच बाप्पा! गुलछडी घोडीवर जीन टाकलं अन् अंधारात सुटला. टपटप, टपटप!

सडक मोठा वळसा घेते. तिनं गेला असता तर दुपार झाली असती. म्हणून त्यानं सावरीनाल्याची आडवाट धरली.

हां! तिथंच तो बसला होता. चकवा! वाट चुकवणारं भूत.

आधी आवाज आला, साधा, गोड. "पाहुणे, जरासा चुना देता का?"

आबाजी म्हणे, "तंबाखू तुझी असेल तर थांबतो!" अन् घोडी दामटली. अरे, भुताला उत्तर देते का कोणी? झालं, लागलं मागं.

थोडं पुढं एक वाकडं मोहाचं झाड लागलं. पुढं गेला, पुन्हा तेच झाड! सरळ चालला, तरी तेच झाड! अन् फांदीवर कोणी खुदुखुदु हसून राहिलं. आबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडं खाणीत पाणी चढून राहिलं, अन् हा झाडाभोवती फिरून राहिला!

तेवढ्यात मागून हाक आली. पैकूची! अगदी तोच आवाज. "दादा, आम्ही निघालो वर. सारे निघालो. परत चल, माय भाकरी घेऊन बसली."

काय वाटलं असेल, सांगा! डोळ्यांना धार लागली. लगाम वळवला त्यानं, वळवला! पण घोडी वळेना. पैकू तिला रोज गूळ चारायचा. त्याचा आवाज आला की ती खिंकाळायची. आता मात्र कान पाडून थरथर कापून राहिली. आबाजी समजला. लगाम सोडला, तिच्या मानेला मिठी मारली. "माय, मला वाट दिसत नाही. तूच ने."

जनावराला चकवा लागत नाही, पोट्टेहो. घोडी सुटली! झाड मागं पडलं, नाला दिसला. तसं ते भूत धपकन मागं येऊन बसलं. घोडीवर! गार हात कमरेला. जड, जड, धोंड्यासारखं जड! घोडी वाकली. नाल्यापलीकडं त्याची शीव संपते ना, म्हणून त्यानं आबाजीचं धोतर धरलं घट्ट. आबाजीनं काय करावं? कासोटाच सोडला! गुलछडीनं उडी मारली, अन् भूत धोतरासकट पाण्यात, धबाक!

उजाडता उजाडता देवळमेट्याच्या फाटकावर उघडा माणूस पाहून चौकीदारच बोंबलला, "भूत! भूत!"

आबाजी म्हणे, "भूत मागं राहिलं, तू पंप काढ!"

तिथल्या साहेबानं आपली तुमान दिली. हसू नका, ती तुमान मी डोळ्यानं पाहिली आहे! पंप ट्रकात चढवला, बाजूला गुलछडी चढवली. ट्रक सडकेनं आला. सांजेपर्यंत पाणी उतरलं. सारे वर आले, एकूण एक! पैकू डोळे चोळत बाहेर आला, समोर तुमानीतला माणूस दिसला, अन् लवून म्हणतो कसा, "सलाम, साहेब!"

आबाजी धावला. भावाला पोटाशी धरलं अन् नुसता रडला.

तेव्हा उद्या दौडा, खुशाल दौडा. पण सडकेनं! कोणी म्हणेल आडवाट जवळ पडते, त्याचं ऐकू नका. सावरीनाल्याकडं पाय टाकायचा नाही म्हणजे नाही. आबाजी म्हातारा होऊन मेला, पण पुन्हा तिकडं फिरकला नाही. चला, झोपा आता. पहाटे घोड्यांना पाणी दाखवायचं आहे.