जागच्या जागी फिरणारा ट्रक

आजोबा : अगं, हे काय! खोका उघडलास?

आजी : उघडला. पण फाडला नाही हं. चिकटपट्टी ब्लेडनं अलगद सोडवली. पुन्हा लावली की कुणाच्या बापाला कळायचं नाही.

आजोबा : नातीच्या वाढदिवसाचं खेळणं ते! संध्याकाळी पोरगी येतेय आणि आधीच आपण...

आजी : म्हणूनच तर. दुकानदार काय म्हणाला आठवतं ना? मोटरचा ट्रक, पण सगळे सुटे भाग, हातानं जोडायचे. उद्या ती म्हणाली, "आजी, हे कसं करायचं?" आणि आपण दोघं ढिम्म उभे राहिलो तर?

आजोबा : करेल ती एकटी. आठ वर्षांची घोडी झालीय.

आजी : एकटी करेल, हेच नकोय मला. मागच्या वेळी आली तेव्हा जेमतेम चालता-बोलता येत होतं. आता फोनवर "हाय आजी, हाय आजोबा" म्हणते आणि धूम ठोकते. मला भीती वाटते हो. ती कंटाळून एका कोपऱ्यात बसेल आणि आपण आपल्याच घरात पाहुण्यांसारखे तिच्या तोंडाकडे बघत राहू.

आजोबा : ...पुस्तिका कुठंय?

आजी : ही घ्या. वाचा मास्तर.

आजोबा : यात एक अक्षर नाही!

आजी : नुसती चित्रं आहेत.

आजोबा : मग माणसानं समजून काय घ्यायचं? जन्मभर पोरांना सांगत आलो, "आधी प्रश्न नीट वाचा." आणि आता वाचायलाच काही नाही. आणि हा टॉवेल कशाला पसरलास टेबलावर? हा ट्रक आहे की अपेंडिक्स?

आजी : ऑपरेशन थिएटरात हयात गेली माझी. हत्यारं आधी ओळीनं मांडायची, मोजायची, मगच हात लावायचा. काम झालं की पुन्हा मोजायचं. आत काही राहता कामा नये.

आजोबा : अगं, इथे स्क्रू आतच राहायला हवेत!

आजी : हो की. बरं, बसा समोर. तुम्ही त्या बाजूला, मी या बाजूला, मधे ट्रकची चौकट. तुमच्या बाजूची चाकं तुमची, माझ्या बाजूची माझी.

आजोबा : दोघांनी एका वेळी?

आजी : डॉक्टर आणि मी असेच उभे राहायचो. समोरासमोर. कामं पटापट उरकतात.

आजोबा : बरं. पहिलं चित्र. प्रत्येक बाजूला एक मोटर, मोटरच्या दांड्यावर हे पिटुकलं दात्यांचं चाक, आणि ते या मोठ्या दात्यांच्या चाकात अडकवायचं.

आजी : एवढं पिटुकलं कशाला? सरळ मोटरच चाकाला जोडली असती तर?

आजोबा : मोटर भलतीच जोरात फिरते. पण जीव नाही तिच्यात, बोटानं धरली तरी थांबेल. छोट्या चाकाच्या कितीतरी फेऱ्या होतात तेव्हा मोठं कुठे एकदा फिरतं. वेग गेला, पण ताकद आली.

आजी : थांबा थांबा. हातानं फिरवून बघते. ...अगंबाई! खरंच की. हे गरागरा आणि ते कसं ऐटीत. पुन्हा करू?

आजोबा : किती वेळा करशील?

आजी : करू द्या हो. आमच्याकडे एवढाली यंत्रं होती, पण एकाच्याही आत कधी डोकावले नाही. बिघडलं की माणूस यायचा, आमच्याकडे पाठ करून बसायचा. जरा वाकून बघितलं की म्हणायचा, "सिस्टर, बाजूला व्हा." तेव्हा वाटायचं, मेल्या, नुसतं बघू तरी दे.

आजोबा : मला कधी बोलली नाहीस हे.

आजी : तुम्ही कधी यंत्र उघडलंत घरी? मिक्सरचं भांडं बसत नव्हतं तर नवा मिक्सर आणलात.

आजोबा : पुढचं चित्र. लाल तार मोटरच्या डावीकडच्या खिळ्याला, काळी उजवीकडच्या.

आजी : लाल डावीकडे. लावली.

आजोबा : माझीही लागली. मग इथे एक वाकडा बाण काढलाय. काय कळत नाही.

आजी : नक्षी असेल. पुढे चला. पाना... हा घ्या. स्क्रू... हा घ्या.

आजोबा : दिवे खिडकीच्या बाजूला, म्हणजे तोंड तिकडे. बॅटऱ्या आत. मागची पेटी वर. झालं! अगं, झाला की!

आजी : खाली ठेवा, खाली ठेवा. बटण मी दाबणार.

(आजी बटण दाबते. ट्रक जमिनीवर जागच्या जागी गोल फिरू लागतो.)

आजोबा : हे काय? पुढे का जात नाही?

आजी : घेरी आल्यासारखा करतोय. तुमचं काहीतरी चुकलं.

आजोबा : माझं? मी चित्राबरहुकूम केलंय! तुझंच चुकलं असणार.

आजी : मीही तुम्ही सांगितलं तस्संच केलंय. शू! बेल वाजली.

आजोबा : इतक्यात? संध्याकाळ कुठे झालीय अजून!

आजी : लवकर निघाले असतील. झाका, झाका, टॉवेल टाका त्याच्यावर! खोका पलंगाखाली! मी दार उघडते. ...ये गं माझी बाय! केवढी उंच झालीस! आई कुठंय?

नात : खाली गाडी लावतेय. जागा मिळत नाहीये. मी लिफ्टनं एकटी आले. हाय आजी. हाय आजोबा.

आजोबा : ये, ये. जेवलीस का? प्रवास कसा झाला?

नात : बरा झाला. आजी, तो टॉवेल फिरतोय.

आजी : कुठला टॉवेल?

नात : तो, टेबलाखालचा. बघ ना, गोल गोल. आतून आवाज पण येतोय. मांजर आहे का?

आजोबा : मांजर नाही गं. ते... आता काय सांगू हिला?

आजी : काढ बाळ टॉवेल. काढच.

नात : ट्रक! हा तर जोडायचा ट्रक आहे. आईनं सांगितलं होतं, मला मिळणार आहे म्हणून.

आजोबा : तुझाच आहे.

नात : मग तुम्ही कसा उघडलात? माझा होता ना? मला जोडायचा होता! गाडीत मी आईला सारखं सांगत होते, पहिला स्क्रू मीच लावणार.

आजी : चुकलं आमचं.

आजोबा : आम्ही नुसतं बघणार होतो...

आजी : खोटं कशाला बोलायचं? बाळ, आम्हाला भीती वाटली. तुला काही विचारायचं असलं आणि आम्हाला आलं नाही तर तू आमच्याजवळ बसणार नाहीस असं वाटलं. फोनवर तू दोन मिनिटं थांबत नाहीस.

नात : मी काय बोलू फोनवर? तुम्ही रोज तेच विचारता. जेवलीस का, अभ्यास झाला का. मी "हो" म्हणते. मग संपतं ना.

आजोबा : ...आत्ताही तेच विचारलं मी.

नात : हो.

आजी : मग रागावलीस?

नात : थोडी. ...पण हा पुढे का जात नाही?

आजोबा : माहीत नाही.

नात : खरंच? का मला विचार करायला लावताय? आमच्या शाळेत टीचर असंच करतात.

आजोबा : देवाशपथ माहीत नाही. तुझ्या आजीचं म्हणणं माझं चुकलं, माझं म्हणणं तिचं.

नात : बंद करा आधी. मी उचलते, मग बटण दाबा. हं. बघा, या बाजूची चाकं पुढे फिरतायत आणि त्या बाजूची मागे! ही बाजू कुणी केली?

आजोबा : मी.

आजी : आणि ती मी. पण दोघांनी एकाच चित्रावरून केलं बरं का. लाल तार डावीकडे.

नात : कुठे बसला होतात?

आजी : समोरासमोर. मी इथे, हे तिथे.

नात : मी आधी आजोबांच्या खुर्चीत बसते. डावीकडे... खिडकी. आता आजीच्या. डावीकडे... दार! आजी, तुझं डावीकडे वेगळंच आहे! आजोबांची चाकं खिडकीकडे निघालीत आणि तुझी दाराकडे. म्हणून हा बिचारा गोल गोल फिरतोय.

आजोबा : अगं हो! एका ट्रकमधे आपण दोन ट्रक केले.

आजी : आणि तो वाकडा बाण?

नात : दाखवा. हा तर "ट्रक फिरवून घ्या" असा बाण आहे! त्याच्या पुढच्याच चित्रात तारा उलट्या दाखवल्यात. तुम्ही बघितलंच नाही?

आजोबा : तुझ्या आजीला नक्षी वाटली.

आजी : आणि तुम्हाला काय वाटलं होतं, सांगा की! ...आता कुणाच्या तारा बदलायच्या?

नात : दिवे खिडकीकडे आहेत, म्हणजे तुझ्या. पण आजोबा, तुम्ही हात नका लावू.

आजोबा : नाही लावत. हे बघ, मागे घेतले.

नात : तसं नाही. दिसत नाहीये मला, टॉर्च धरा तुम्ही. आणि आजी, तू टॉवेल पसर, बाकीचे स्क्रू मांड. तारा मी सोडवते. पाना दे.

आजी : पाना... हा घे.

नात : आजी, ही मोटर उघडता येते का? आत काय असतं?

आजी : मलाही बघायचंय. किती वर्षं झाली, मलाही बघायचंय.

आजोबा : फोन वाजतोय माझा. ...हं, बोल गं. हो, पोचली वर, आमच्याजवळच आहे. हो का? विचारतो. बाळ, आई विचारतेय, तुझा टॅब गाडीत राहिलाय, वर आणू का?

नात : नको म्हणावं, आम्ही कामात आहोत.