एवढा एक स्फटिक

—हो रे, कळतंय मला, आठ वाजले, आठनंतर क्ष-किरणांचा बीम तुमचा, नियम मला कुणी शिकवायला नको, तुझ्याएवढी होते तेव्हापासून या सिंक्रोट्रॉनच्या खुर्च्या झिजवतेय — पण कॅलम, बस ना जरा, कॉफी घे, डुनेडिनचं विमान उशिरा उतरलं म्हणे तुमचं, दमला असशील. मला एक स्फटिक लावू दे. एकच. शेवटचा आहे. तुझे स्फटिक द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेत, त्यांना काय ऊन लागतंय? यंत्र उचलेल, क्ष-किरणांपुढे धरेल, तुझी कॉफी संपायच्या आत चित्र पडद्यावर. नाही म्हणू नकोस. आधी ऐक.

काल संध्याकाळचं कानावर आलंच असेल तुझ्या — आलंय ना? हस, हसू आलं तर हस. आधीच्या स्फटिकाचे इतके सुंदर ठिपके पडले होते पडद्यावर, इतके रेखीव, की मी धावत जाऊन लॅमिंग्टन केक आणले आणि अख्ख्या मजल्याला वाटले. मग स्फटिकाची मापं ताडून बघितली, तर काय — जिवाणूचं प्रथिन. माणसाचं प्रथिन बनवून घ्यायला ज्या जिवाणूला राबवतो ना आपण, त्याचंच एक चिकट प्रथिन गाळणीतून सोबत आलं, आणि मेलं तेच नटूनथटून स्फटिक होऊन बसलं. वर्षभर मी दुसऱ्याचंच मूल कौतुकाने न्हाऊमाखू घालत होते. या चुकीवर मी विद्यार्थ्यांना तासभर बोलते, दरवर्षी.

पण हा तसा नाही. हा वेगळ्या थेंबातला, प्रथिन पुन्हा धुऊन घेतलेलं. पी-५३च आहे, कर्करोग रोखणारं, माणसाचं, आणि डीएनएत मिसळून ठेवलेलं. तुला काय सांगायचं — पण सांगू दे, बोललं की जीव जरा थाऱ्यावर येतो. पेशीत बिघाड झाला की हे प्रथिन डीएनएवरची ठरलेली जागा जाऊन धरतं, चौघं मिळून धरतात, आणि मग हुकूम सुटतो — थांब, आधी दुरुस्त हो, नाही तर मर. धरणारा हात एवढासा, त्यात जस्ताचा एक अणू, तो हाताचा आकार सांभाळतो. त्या हातातला एक दुवा बदललाय, फक्त एक, आणि जनुक-तपासणीच्या अहवालात काय लिहिलंय, 'अर्थ अनिश्चित'. अनिश्चित म्हणे. अरे, हात धरतो की नाही ते सांगा ना. धरत असेल तर अंगावर तीळ असतो तसं ते, माणूस विसरून जातं. धरत नसेल तर जन्मभर यंत्रात आडवं व्हायचं, कुठे गाठ आली का बघायला. द्रावणात मोजलं, तर आज धरतो, उद्या सोडतो, आकड्यांचा मेळच बसत नाही. म्हणून हा स्फटिकाचा खटाटोप. एकोणीस वर्षांच्या पोरीला किती दिवस सांगू, थांब इमोजेन, आई बघतेय—

हं. निसटलं तोंडातून.

हो, माझीच. बीमच्या अर्जात 'एक रुग्ण' असं लिहिलंय, ते काही खोटं नाही. दुसऱ्या कुणाला का नाही दिलं हे काम, असंच विचारणार ना तू? कुणाला देऊ? माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती कडेवर होती, मी तिशीतली. तेव्हा म्हटलं, नशीब. आता कळतंय, हा हात माझाच आहे, मीच दिलाय तिला, नाकडोळ्यांसोबत. रोज फोन करते पोरगी, विचारत काही नाही, जिलाँगला वारा किती आहे तेवढं सांगते. भीती वाटते रे मला, फार भीती वाटते.

मान हलवलीस? हलवलीस ना? भलं होईल तुझं. लावते.

उचलला बघ यंत्राने. इकडे ये, शेजारी बस, एकटीने बघवायचं नाही. डीएनए आत असेल तर त्याच्या पायऱ्यांचा गडद डाग पडतो, कडेला, तुला ठाऊक आहे कुठे ते. डाग पडला तर हाताने धरलंय. आले, ठिपके आले — मापं बघ आधी, जिवाणू नाही ना? नाही. माणसाचंच आहे, कॅलम, आमचंच आहे. आता कड दाखव. जरा गडद कर. अजून. फिरव, दुसऱ्या बाजूने घे — इथे नसेल, तिकडे असेल, फिरव ना—

नाहीये.

राहू दे, नको वाढवू, कोरं आहे ते. प्रथिन एकटंच बसलंय. डीएनए दिलाय सोडून. हो, एका स्फटिकावरून काही ठरत नाही, वर्गात मीच म्हणते हे, याच आवाजात. वाजू दे फोन, तिचाच असेल. उचलू नकोस. तू तुझे स्फटिक आत घाल. घाल ना रे, बीम तुझा आहे.