डायलिसिसआधीची गोळी

भर उन्हात स्वेटर. नवऱ्याच्या मानेत डायलिसिसची नळी. पिशोरहून आल्याची एसटीची दोन तिकिटं. तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. दवाखान्याच्या बाकावर नवराबायको.

"जंतू हृदयाच्या झडपेला चिकटलेत म्हणं. आता सहा आठवडे शिरेतून औषध."

"अन् डॉक्टरनी ताप कधीपासून इचारलं, तर तुमी कालपासून म्हणालात."

"मग काय सांगू? ताप दिसला तर भरती करतेल, म्हणून दर डायलिसिसला गोळी खाऊन येत होतो, असं?"

"व्हय, असंच."

"डॉक्टर लई चिडतेल, साळू."

"चिडू द्या. पिशोरला माघारी मी एकटीनंच जायचं का? चला, मी सांगते, दसऱ्यापासून ताप हाय."

"थांब जरा."

"आता काय?"

"दसऱ्यापासून नाय. पहिली गोळी पोळ्याला घेतली."