चन्नप्पा पैलवानाची सकाळची कुस्ती

दाजीबा वस्ताद, तालमीतले पैलवान आणि पाळी बुडवून गिरणीतून थेट इथं आलेल्या मंडळींनो,

मला बोलवत नाही. मी शाळामास्तर, रोज वर्गात बोलतो, पण हे बोलणं वेगळं आहे. वस्ताद म्हणाले, "मास्तर, तुमी ऱ्हावू द्या, दुसरं कुणीतरी बोलंल की." मी म्हटलं, नाही. निकाल मी वाचला होता, तेव्हा आज बोलायचंही मीच.

आपला चन्नप्पा दुधनीकर गेला. चार दिवसांपूर्वी कुर्डुवाडीच्या यार्डात, दिवेलागणीच्या वेळी, मागं येणाऱ्या इंजिनाखाली सापडला. पाठीवर पोतं होतं. तो तिथं हमाली करत होता हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं. मी त्याला या गावातून उठवला, आणि तो गेला कुठं याची एकदाही चौकशी केली नाही.

झालं काय, ते नीट सांगू द्या. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगू द्या. आपल्या यात्रेच्या मैदानात मोठी कुस्ती शेवटची. दिवसभर लहान जोड्या सुटतात, आणि एक नंबरची जोड मातीत उतरते तेव्हा दिवस मावळून बत्त्या लागलेल्या असतात. चन्नप्पा वर्षानुवर्षं दुपारी लढला आणि दुपारी जिंकला. गेल्या यात्रेत त्याला पहिल्यांदा शेवटची जोड मिळाली, मिरजेकडच्या पैलवानाशी. सलामी झाली. समोरच्यानं वाकून पाय धरले, पट काढला आणि आपला चन्नप्पा पाठीवर! पानवाल्याचं पान लावून व्हायच्या आत कुस्ती संपली. सगळं मैदान उठलं. नुरा! नुरा! पैसे खाऊन केलेली खोटी कुस्ती! मीही ओरडलो. पंच असून ओरडलो.

मग चौकशी बसली. दाजीबा वस्ताद, पेठेतले एक वकील आणि मी. मिरजेकडच्या पैलवानाला आधी विचारलं. तो बिचारा खरं तेच बोलला. म्हणाला, "मी वाकलो तरी ह्यो सरळच हुबा. हात म्होरं करून चाचपत हुता." मंडळी, उत्तर तिथंच होतं, आमच्या पुढ्यात. आम्ही काय म्हणालो? सोंग! वकीलसाहेबांनी तसं लिहूनही घेतलं.

चन्नप्पाला विचारलं, तर तो खाली मान घालून बसला. एवढंच म्हणाला, "पडलो, मास्तर. पण कुनाचं काय घेतलं न्हाय."

आणि मग माझी हुशारी. मी म्हटलं, दोघांना पुन्हा लढवा. त्याच मैदानात, सकाळी आठ वाजता. बघे नकोत, हलगी नको, फक्त पंच. खरोखर कमी पडला असेल तर पुन्हा पडेल. सगळे म्हणाले, वा, मास्तर! मला आठवतं, सकाळी म्हटल्याबरोबर चन्नप्पानं मान वर केली. त्याचा चेहरा एकदम खुलला. मला वाटलं, निगरगट्ट आहे.

सकाळी आला तो नाचतच आला. दोन मिनिटांत त्यानं त्या पैलवानाला उचलला आणि आभाळ दाखवलं. अशी कुस्ती मी जन्मात बघितली नव्हती. उठला, हसत माझ्याकडे आला, पाया पडायला वाकला. आणि मी पाय मागं घेतले. म्हटलं, "चन्नप्पा, आज जिंकलास, म्हणजे त्या दिवशी तू विकला गेला होतास."

त्याला समजेचना. त्यानं विचारलं, "आज पडलो असतो तर, मास्तर?"

"तर सुटला असतास."

तो म्हणाला, "मुद्दाम पडायला येत न्हाय मला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ऐकून निकाल लिहिला. जिल्ह्यात कुठंही जोड नाही, तालमीकडून मिळणारा खुराक बंद, तालमीच्या मातीला पाय लावायचा नाही. माझ्या वळणदार अक्षरात लिहिला, आणि त्या रात्री घरी जाऊन पोटभर जेवलो. अजून काय सांगू तुम्हाला?

परवा वस्ताद आणि मी कुर्डुवाडीला गेलो. त्याची बायको, गुरव्वा, दारात बसली होती. आम्हाला बघून उठली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "दिवं लागलं की त्यास्नी काय दिसत नव्हतं. त्यांच्या बापालाबी तसंच हुतं. दोन वर्सांत लई वाढलं हुतं."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही, बाई?"

"आंधळ्या पैलवानाला कोन जोड देतंय? आन् पैल्या नंबरची कुस्ती कुनी सोडतंय व्हय? तुमी सकाळी लढाय बोलीवलं, तवा लई खूस झालं हुतं. म्हनलं, आता उजेडात दावतो मास्तरास्नी." मग म्हणाली, "निकाल लागून हितं हमालीला आल्यावर मी म्हनलं, जावा, सांगा. तर म्हनलं, आता सांगितलं तर हमालीबी जाईल."

सकाळी उजेड असतो आणि संध्याकाळी नसतो. मुलांना भूगोल शिकवतो मी, मंडळी! एवढं मला सुचलं नाही.

अजून एक आहे. त्यांच्यात पुरायची रीत; गुरव्वाबाईंनी दुधनीला, त्याच्या गावी भावांकडे, निरोप धाडला होता, बापाशेजारी रानात पुरायला जागा द्या म्हणून. भावांचा उलटा निरोप आला. कुस्ती विकणाऱ्याला आमच्या रानात जागा न्हाय. शेवटी कुर्डुवाडीत परक्या जागेत त्याला पुरला. बाईंचं मागणं एकच आहे. "त्यास्नी तितं न्या. मला काय नगं, एवढं करा."

काल मी वकीलसाहेबांकडे गेलो. म्हटलं, निकाल फिरवा, भावांना कागद पाठवू. ते म्हणाले, निकाल फिरवायचा तर पैलवानानं स्वतः पंचांपुढं उभं राहून मागणी करावी असा नियम आहे. कुठून आणू त्याला? आणि हा नियमही मीच लिहिलेला. मला वाट दिसत नाही, मंडळी. खरंच दिसत नाही. रात्रभर बसून एक साधं पत्र लिहिलंय. उद्या सकाळच्या गाडीनं दुधनीला जाऊन त्या भावांच्या पायावर डोकं ठेवणार आहे. पण एका मास्तराचं ते का ऐकतील? त्यांनी नुरा ऐकलं ते हजार तोंडांनी.

म्हणून शेवटचं मागतो. गेलेल्यासाठी दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहायची रीत आहे. आज ती रीत नको. त्या संध्याकाळी मैदानात जे ओरडले, त्यांनीच उभं राहावं. आणि उभं राहील त्यानं उद्या माझ्याबरोबर गाडीत बसावं. जे ओरडले नाहीत त्यांनी बसून राहावं, त्यांना माझा नमस्कार आहे.

मी उभा आहे.

वस्ताद... तुम्हीसुद्धा? बरं. सावकाश उठा, हात द्या त्यांना कुणीतरी. वकीलसाहेब. तालमीतले सगळे. त्या खांबाजवळचे... तुम्हीही? मागं कोण बसलंय का बघा हो. कुणी बसलंय का?

कुणीच नाही.

चन्नप्पा, एवढे होतो रे आम्ही. तुझ्या एकट्यावर.