स्क्विंट करू नको!

हसा खुशाल, पण मला एक इंग्रजी शब्द पक्का येतो. स्क्विंट. म्हंजी डोळे बारीक करून बघणं.

माझी सुमन बंगळूरला नोकरीला लागली. तिथं ऑफिसात सगळं इंग्रजीच. सुट्टीला शिरूरला आली तवा मी तांदूळ निवडत होते, तर अंगावरच आली. "आई, स्क्विंट करू नको! डोळ्यांची वाट लागंल. चष्मा घे!" चार दिवस तेच. मीबी कडाकडा भांडले. मग ती गेली, आन् घरात मला ओरडणारं कुणी उरलं न्हाई.

पुढं मी मुकाट्यानं चष्मा केला. त्याच रविवारी एसटीडी बूथवरनं तिला फोन लावला. तिनं पहिलं तेच विचारलं, "चष्मा घेतला का?"

चष्मा माझ्या नाकावर होता. म्हणलं, "न्हाई घेतला चष्मा."

"म्हंजी अजून स्क्विंटच करतीस? किती येळा सांगायचं गं तुला?" आन् तिनं जी सुरुवात केली!

बूथवाला माझ्या तोंडाकडं बघायला लागला. "काकू, चष्मा तर..."

मी रिसीव्हरवर हात दाबला आन् म्हणलं, "गप रे मेल्या. ओरडू दे तिला."