पाट्यासमोरची खुर्ची

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन मँचेस्टरला आले, आणि आता म्युझियममध्ये बसते, बसते म्हणजे खुर्चीवर, वस्तूंना कोणी हात लावू नये म्हणून. माझ्या खोलीत एक पाटा आहे, मधे झिजून खोल झालेला, आपला नव्हे हं, तिकडे अमेरिकेच्या वाळवंटात स्पॅनिश पाद्र्यांचं मिशन होतं तिथला, आणि त्याचा वरवंटा ठेवलाय पलीकडच्या कपाटात.

काय सांगू तुम्हाला, पाद्र्यांनी तिथं कामाला जुंपलेल्या तिकडच्या आदिवासी बायकांचे हाल. आमची गाइड शाळेच्या मुलांना सांगते ते ऐकून ऐकून पाठ झालंय, घंटा झाली की उठायचं, गुडघ्यांवर बसून अख्ख्या मिशनचा मका वाटायचा, पळालं तर शिपाई धरून आणणार, फटके, दिवस मावळला की तरण्या पोरी एका खोलीत आणि बाहेरून कुलूप, आणि गोवर आला की तान्ही लेकरं पटापट जायची. मुलं विचारतात, मिस, व्हॉट वॉज हर नेम? नाही म्हणे माहीत. मला रागच येतो, पाद्र्याचं नाव आहे, घंटेचंसुद्धा आहे, ह्या पाट्यावर वाटणारीचं तेवढं नाही.

तर मला नात झाली. लेकीचं पहिलं बाळ राहिलं नव्हतं हो, म्हणून बारसं अगदी रीतीनं करायचं होतं. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात ना आपल्यात, कुंची घालून? इथं कुठला वरवंटा, घरोघरी मिक्सर. लेक म्हणाली, आई, लाटणं चालेल गं, डोंट स्ट्रेस. मला चालेना. आदल्या दिवशी खोलीत कोणी नव्हतं, मी पाट्याला म्हटलं, बाई, तुझा वरवंटा मनानं नेते मी, तूही ये. एवढंच. उठून बघते तर पाट्यावर पिवळं पीठ, ताजं.

बारशाला लाटण्याला कुंची घातली, पाळण्यात ठेवलं, आणि काढायला गेले तर उचलेना, दगडासारखं जड, आणि ऊबदार. बायका हसल्या, काकू, थकलात तुम्ही.

आता नात बसायला लागलीय. रडता रडता गप्प होते, रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसते, आणि किचनमधून घरघर येते, मिक्सर बंद असतो. लेक म्हणते, पाइप्स आहेत आई, ओल्ड हाउस. मला भीती वाटते, पण हाकलू कशी, मीच बोलावलंय.

हल्ली नात एकच शब्द बोलते, मराठी नाही, इंग्लिश नाही. लेक म्हणते बडबड आहे. मी कामावर गेले की त्याच नावानं पाट्याला हाक मारते, म्हणते, सुखी राहा गं, ये, मांडीवर घे, खेळव, पण जाताना लेकरू इथंच ठेवून जा.