सोयाबीनवाल्यांचा पेपर

आमच्या नणंदबाईंचं ऐका. त्या लातूरला सोयाबीनच्या रोगावर पीएचडी करतात. सुट्टीला नायगावला आल्या, तर एकच कुरकुर, "वैनी, आम्हा सोयाबीनवाल्यांना तत्त्वज्ञानाचा पेपर कशाला?"

तेवढ्यात माझ्या बाळाला जुलाब लागले. मी घाबरून डॉक्टरचं औषध पाजलं, अन् सासूबाईंनी मीठ-मिरचीनं दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "दृष्टच लागली होती." मी म्हणाले, "औषधानं थांबले."

नणंदबाई म्हणाल्या, "कशावरून? दोन्ही एकदमच केलं की. पुढच्या वेळेला एकच करून बघा."

"ताई, लेकरू हाय माझं, सोयाबीनचा वाफा न्हाई."

नणंदबाईंनी पिशवीतनं त्या पेपराचं पुस्तक काढलं. ते उघडून म्हणाल्या, "वैनी, कशानं काय झालं ते ठरवायचं कसं, आपलं हे सगळं भांडण ह्या पेपरात हाय."

मी म्हटलं, "मग इतके दिवस कुरकुर कशाची?"